बहिणीच्या हातांचं मेण

तेलगावच्या आमच्या शेतात माझ्या दोन मधपेट्या होत्या. होत्या म्हणते, कारण आता एकही नाही. लोक म्हणायचे, मास्तरीणबाईंचं फॅड. असेना का! मला मधापेक्षा मेण हवं असायचं. माझी धाकटी बहीण दरवर्षी ऊसतोडीला जाते. थंडीत कोयता धरून तिच्या तळहातांना अशा भेगा पडतात, की भाकरी थापताना पिठाला रक्त लागतं. जुन्या पोळ्यांचं मेण तिळाच्या तेलात वितळवून मी तिला मलम करून द्यायचे. एक डबा सगळ्या हंगामाला पुरायचा.

शेजारचं शेत दिराचं. तूर फुलात असताना फवारायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, मी पेट्या बंद ठेवीन, एवढंच माझं मागणं होतं. हो म्हणाले होते. आणि बहिणीचा ट्रॅक्टर निघायला चार दिवस असताना भर सकाळी पंप पाठीला लावून मोकळे झाले. मी शाळेतून आले तर पेट्यांपुढे माशांचा सडा. काही अजून पाय झाडत होत्या.

तशीच त्यांच्या दारात गेले. "भाऊजी, काहून न्हाई सांगितलं?"

ते जेवत होते. "सांगून काय करायचं वहिनी? तुमच्या माशाच तर तुरीचं फूल गाळतेत. रस पिऊन पार पोकळ करतेत. म्हणून तर सकाळी मारलं."

म्हणजे विसरले नव्हते. माशा फुलावर असतानाची वेळ साधली होती! आणि हाच माणूस दर हिवाळ्यात माझ्याकडून वाटीभर मध नेतो. त्याला काय वाटतं, मध विहिरीत लागतो? मी तोंडाला येईल ते बोलले. जाऊ बाहेर आली, गल्ली गोळा झाली. ते भाकरी मोडत राहिले. "माशाच हायेत, येतील परत," म्हणाले.

रिकामी पोळी वितळवायला चुलीवर ठेवली आणि लगेच उतरवली. त्यात औषध उतरलं असलं तर? ते मलम लावलेल्या हातांनीच बहीण चौघांच्या भाकरी थापणार. खड्डा करून सगळं पुरलं.

निघताना बहिणीनं गेल्या वर्षीचा डबा बोटानं निपटला. "ऱ्हाऊ दे आक्का, गोडंतेल लावीन," म्हणाली आणि ट्रॅक्टरवर चढली.

परवा तिचा फोन आला. हात कसे आहेत, विचारलं. "हायेत," म्हणाली, आणि विषय बदलला.

काल दीर वाटी घेऊन दारात. "वहिनी, पोरीला लई खोकला झालाय. चमचाभर मध असंल तर..."

फळीवर फवारणीआधीच्या मधाची अर्धी बाटली होती. मी "न्हाई" म्हणाले.

पोरीचा काही दोष नाही, मला कळतं. तिचा खोकला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. पण मेण गेलं, भेगांवर मध तरी लावता येईल; ती बाटली मी हंगामाहून परतणाऱ्या बहिणीच्या भेगांसाठी ठेवली आहे.