रेनोला दिसलेली पांढरी शेपटी

रेनो हकाला दरवर्षी चौदा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीच्या कॅम्पवर पोचला की सामान उतरवायच्या आधी दाराच्या फटीत घोड्याचा केस शोधायचा. मागचा हंगाम संपवून जाताना तो त्यानंच चिकटवलेला असायचा. केस तुटलेला असला, तर वर्षभरात कुणीतरी आत शिरलं होतं. केस शाबूत असला, तर शिरणाऱ्यानं तो जाताना परत नीट चिकटवला होता. काहीही निघालं तरी रेनोला आत जाऊन कॉफीचा डबा, रॉकेल आणि ब्लँकेटं तपासणं भागच होतं.

तीस वर्षं त्यानं काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ लोटायचा ट्रक चालवला. आपण रस्ता साफ करून पुढं गेलो की मागून लोक आपापल्या अंगणातला बर्फ त्याच रस्त्यावर आणून टाकतात, अशी त्याची तीस वर्षं खात्री होती. लोक टाकतही होते. रेनोची अडचण हीच होती, की त्याची शंका अधूनमधून खरी निघायची आणि मग पुढची दोन-तीन वर्षं त्याला तेवढं पुरायचं.

"माझ्याशी लग्न केलंस तेव्हा तरी माझ्यावर विश्वास होता का?" असं त्याची बायको इर्मा एकदा म्हणाली होती.

"तुझा बाप फारच लवकर हो म्हणाला," रेनो म्हणाला. "मला तिथंच शंका आली होती."

त्याच्या डोळ्यांपुढं अलीकडं धुकं यायचं. डॉक्टर मोतीबिंदू म्हणाला. रेनोच्या मते डॉक्टरला मोतीबिंदू काढायची मशीन नवीन आली होती आणि तिचे हप्ते फेडायला माणसं हवी होती. इर्माला त्यानं डोळे एकदम ठीक असल्याचं सांगितलं.

अशा माणसाला एक जिवाभावाचा मित्र होता, हे गावाला कोडंच होतं. गॉर्डन ट्रेवॅरो लोखंडाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता. त्याचे खापरपणजोबा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून खाणीत उतरायला आले, आणि तेव्हापासून घरातले सगळे पुरुष जमिनीखाली जेवढं कमी बोलायचे तेवढंच कमी वरही बोलायचे. रेनो तेवीस वर्षांचा असताना सीडरच्या झाडांच्या दलदलीत वाट चुकला आणि अंधार पडायच्या बेतात गॉर्डनला सापडला. गॉर्डननं काही न विचारता आपली पेस्टी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली. मैद्याच्या पारीत मांस-बटाटा भरून भाजलेली, अजून कोमट. रेनोनं ती खाल्ली आणि विचारलं, "माणूस एकटा आणि पेस्टी एवढी मोठी? कुणाची वाट बघत होतास?"

"तुझी," गॉर्डन म्हणाला. त्यावर काय शंका घ्यावी हे रेनोला सुचलं नाही. दोस्ती झाली.

पुढं त्या दोघांनी, आल्डो बर्तुचीनं आणि क्लॅरन्स नावाच्या एका सुतारानं मिळून लाकडी ओंडक्यांची ही झोपडी बांधली. चार खाटा, एक भट्टी, मागं वाफेनं अंग शेकायची खोली, सॉना. आल्डोची गावात बेकरी होती, म्हणून स्वयंपाक त्याच्याकडं. नियम दोन-चारच होते, पण कडक होते. दुसऱ्या बंदूकवाल्याला माणूस ओळखू यावा म्हणून अंगावर काहीतरी नारिंगी घालायचंच. हरणं जिथं विसाव्याला येतात त्या सीडरच्या राईत शौचाला जायचं नाही. जिथं जायचं तिथंही पांढरा कागद न्यायचा नाही, तपकिरीच न्यायचा. कारण इथलं हरीण बिथरलं की पांढरी शेपटी वर करून पळतं, आणि झुडपात पांढरं काही फडफडलं की बंदूकवाल्याचा हात आपोआप वर जातो. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की ज्याचा नेम चुकला त्यानं त्याच दिवशी जेवायच्या टेबलावर कबूल करायचं. मग त्याच्या शर्टाची मागची पट्टी कात्रीनं कापून, वर नाव आणि साल लिहून भिंतीला ठोकायची. ज्यानं चुकलेली गोळी लपवली, त्याची खाट गेली.

भिंतीवर रेनोच्या अकरा पट्ट्या होत्या. आल्डोच्या सात, त्यातली एक फुलाफुलांची, जिच्याबद्दल त्याला विचारलेलं आवडत नसे. गॉर्डनची एकही नव्हती. चाळीस वर्षांत एकही नाही. रेनो दर नोव्हेंबरला गॉर्डनचे शर्ट वाळत असले की मागच्या शिवणी बघून यायचा.

कात्री रेनोकडं असायची, चौकशीही त्याच्याकडंच. क्लॅरन्सची खाट त्यानंच घालवली होती. त्याच्या बसायच्या जागेपाशी रेनोला काडतुसाची एक रिकामी पुंगळी सापडली, आणि ती मागच्या वर्षीची आहे असं क्लॅरन्स शेवटपर्यंत सांगत राहिला. मग गादी गुंडाळून, ट्रकमध्ये टाकून निघून गेला. चार वर्षांपूर्वी तो वारला. त्याच्या खाटेवर आता बटाट्यांची पोती असतात.

गेल्या नोव्हेंबरची सोळा तारीख. पहाटे बोटभर बर्फ पडून थांबला होता. दुपारी बाराला रेनो झोपडीत आला तो बूट न झटकताच.

"कुणी झाडली?"

आल्डो भट्टीपाशी रस्सा ढवळत होता. "दार लाव आधी. काय झाडलं?"

"सव्वानऊला. टेकडीवरून आवाज आला. माझ्यासमोर नर उभा होता, आठ टोकांच्या शिंगांचा. बोट बंदुकीच्या घोड्यावर होतं माझं. तेवढ्यात धाड. नर गायब."

"आठ टोकं मोजलीस?" गॉर्डननं विचारलं. तो खाटेवर बसून मोजे सुकवत होता.

"मोजायला कशाला लागतात? शेपटी केवढी होती."

"शेपटीवरून शिंगं मोजतोय," आल्डो म्हणाला. "आता खुरांवरून वय सांगेल. कुठं उभा होता तुझा नर?"

"कुठं ते सांगायला मी खुळा नाही. उद्या तू तिथं जाऊन बसशील."

"मी माझ्या लपणातनं हललो नाही सकाळपासून," आल्डो म्हणाला, आणि गरजेपेक्षा जरा जोरातच ढवळू लागला. रेनोनं ते टिपून ठेवलं.

"टेकडीवर एकटा गॉर्डन बसतो."

"शेजारच्या कॅम्पवाल्यांची असेल गोळी," गॉर्डन म्हणाला.

"वारा तिकडून नव्हता."

"मग माहीत नाही."

रेनो त्याच्याकडं बघत राहिला. चाळीस वर्षांत गॉर्डनच्या तोंडून त्यानं एकही थाप ऐकली नव्हती, त्यामुळं थाप कशी दिसते याचा त्याला अंदाज नव्हता. पण गॉर्डन मोजा उलटा घालत होता.

"हे बघ," रेनो म्हणाला. "नेम चुकला असेल तर रात्रीच्या जेवणापर्यंत बोल. पट्टी कापू, हसू, संपलं. नाही बोललास आणि मला काही सापडलं, तर खाट गेली. क्लॅरन्सला एक न्याय आणि तुला दुसरा, असं चालणार नाही."

"अरे लेका, जेव तरी," आल्डो म्हणाला. पण रेनो दोन पाव खिशात कोंबून बाहेर पडला होता.

टेकडी चढताना त्याला धाप लागली. गॉर्डनच्या लपणात तो कधीच आला नव्हता. दुसऱ्याच्या लपणात जाणं रीतीला धरून नव्हतं, आणि ती रीत त्यानंच लावली होती. फांद्यांचा आडोसा, बसायला पालथी बादली, थर्मासचा गोल ठसा. बर्फात एक बोटाएवढं भोक होतं. रेनोनं हातमोजा काढून आत बोट घातलं आणि पुंगळी बाहेर काढली. पिवळीधमक, ताजी. गॉर्डनच्या जुन्या बंदुकीला लागणारं हे काडतूस आता गावातल्या दुकानातही सांगून मागवावं लागतं.

रेनोला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण छातीत काहीतरी दुखतही होतं, आणि ते चढणीमुळंच आहे असं त्यानं ठरवलं.

मग त्याला गुडघ्याचे ठसे दिसले. ते उलटे होते. हरणांची वाट खाली समोर, आणि गुडघे मागच्या मातीच्या कड्याकडं वळलेले. कड्यात चार पावलांवर काळी माती उडालेली होती. नेम धरून मारलेली गोळी अशी पाठीमागं जात नाही. मुद्दामच वाजवली होती. माझा नर पळवायला वाजवली, रेनो मनाशी म्हणाला. चाळीस वर्षं पट्टी नाही ती अशी. स्वतः मारायचं नाही आणि दुसऱ्यालाही मारू द्यायचं नाही.

तो बादलीवर बसला. इथून खाली रेनोचं स्वतःचं लपण चक्क दिसत होतं, आणि त्याच्यासमोरची सीडरची राईही. इथून हा मला रोज बघतो, ही नवी शंका त्याला आली. तिच्यावर विचार करायला पुढं वेळ मिळेल म्हणून ती त्यानं बाजूला ठेवली आणि नराचा माग काढायला तो खाली उतरला. नराच्या खुरांचे ठसे मिळाले की गॉर्डनला बोलायला जागा राहणार नव्हती.

राईत बर्फ स्वच्छ होता. सशाची पावलं होती. खूर नव्हते. त्यानं डोळे चोळले आणि वाकून, मग गुडघ्यांवर टेकून पुन्हा शोधलं. बुटांचे ठसे होते. आत येतानाचे आखूड आखूड, जातानाचे लांब लांब टाकलेले. डाव्या टाचेखाली गोल ठिगळ उठलं होतं. ते ठिगळ सायकलच्या ट्यूबचं होतं आणि रेनोनंच परवा आल्डोच्या बुटाला लावून दिलं होतं. ठसे जिथं थांबले होते तिथं झुडपाला एक कागद अडकला होता. पांढरा.

रेनोनं आणखी शोधलं. एखादा तरी खूर. जुना चालेल, हरणीचा चालेल.

मग तो तिथून आपल्या लपणापर्यंत पावलं मोजत गेला. त्रेसष्ट भरली. तिथं बसून त्यानं बंदूक न उचलता नुसतं राईकडं पाहिलं. धुक्यात करडं काहीतरी दिसत होतं. ते झाड होतं की दुसरं काही, हे त्याला आताही सांगता येत नव्हतं.

पाच वाजता, उजेड संपता संपता तो झोपडीत आला. टेबलावर ताटल्या मांडलेल्या होत्या. त्यानं पुंगळी मधोमध ठेवली.

आल्डोनं ती पाहिली आणि तो एकदम थट्टा करायचंच विसरला.

"माझी आहे," गॉर्डन म्हणाला. तो उठला, पाठ फिरवली आणि पँटमध्ये खोचलेला शर्ट मागून ओढून बाहेर काढला. "मोठा नर होता. नेम चुकला. लाज वाटली म्हणून दुपारी बोललो नाही. काप."

"चाळीस वर्षांनी," आल्डो म्हणाला. "कात्री कुठाय? रेनो, अरे बघत काय राहिलास, हा दिवस बघायलाच तर तू जगलास."

रेनो हलला नाही. "गोळी कड्यात आहे," तो म्हणाला.

"म्हणजे चुकलीच की."

"पाठीमागच्या कड्यात." तो गॉर्डनच्या पाठीशी बोलत होता. "हाक का नाही मारलीस मला?"

गॉर्डन वळला नाही. "वारा तुझ्याकडून होता," तो म्हणाला. "पोचली नसती."

"हे काय चाललंय?" आल्डोनं विचारलं.

"सव्वानऊला तू कुठं होतास, आल्डो?"

"सांगितलं ना, लपणात."

"आल्डो."

आल्डोनं पळी खाली ठेवली. "बरं, गेलो होतो राईत. रात्रीचा राजमा मलाच बाधला. लांब जायला सवड नव्हती. काय घालवता का माझी खाट?"

"अंगावर नारिंगी काय होतं?"

"पँट होती की."

"ती कुठं होती?"

"कुठं असते अशा वेळी?" आल्डो हसायला लागला. "घोट्यापाशी."

"आणि कागद?"

"तपकिरी संपला होता, म्हणून मी आपला..."

तो मध्येच थांबला. तो एकेकाकडं बघू लागला. रेनोकडं, गॉर्डनच्या लोंबणाऱ्या शर्टाकडं, मग टेबलावरच्या पुंगळीकडं. मग खुर्ची ओढून बसला.

रेनोनं बंदूक आणली, जिच्याशिवाय ती चालत नाही ती बोल्टची दांडी काढली आणि पुंगळीशेजारी ठेवली. मग आपल्या खाटेपाशी जाऊन गादी गुंडाळायला लागला. दोरी त्याला सापडेना. ती हाताखालीच होती.

"बोट घोड्यावर होतं म्हणालास दुपारी," आल्डो मागून म्हणाला.

"हो."

"किती दाबलं होतंस?"

"बरंच."

भट्टीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. आल्डोनं ताटलीत रस्सा वाढायला घेतला, तो टेबलावर सांडला, पुसला, परत सांडला. "आठ टोकं," तो म्हणाला. "माझ्या बुडाला." कुणी हसलं नाही, तोही नाही.

"क्लॅरन्सची ती पुंगळी जुनीच असणार," रेनो म्हणाला. गादी त्यानं छातीशी धरली होती. "मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं."

गॉर्डननं शर्ट परत आत खोचला, रेनोच्या हातातली गादी घेतली आणि खाटेवर पसरली. बोल्ट उचलून स्वतःच्या खिशात टाकला.

"खाट राहील," तो म्हणाला. "बंदूक नाही. आल्डो, चालेल?"

आल्डोनं सांडलेला रस्सा पुन्हा एकदा पुसला. "डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाणार असेल तर," तो म्हणाला. "आणि इर्माला मी सांगणार. हा सांगणार नाही, मला खात्री आहे."

"उद्या माझ्याबरोबर टेकडीवर बस," गॉर्डन रेनोला म्हणाला.

"मी काय करू तिथं?"

"शंका घे. तेवढं तुला येतं."

सकाळी दोघं दोन बादल्यांवर बसले. आठच्या सुमारास राईच्या कडेला काहीतरी हललं. गॉर्डननं बंदूक हळूच गुडघ्यावर घेतली आणि कोपरानं रेनोला ढोसलं. "ते काय आहे?"

रेनोनं डोळे बारीक केले. खूप वेळ पाहिलं.

"माणूस असेल," तो कुजबुजला.

ते चार पायांवर उभं होतं, डोक्यावर शिंगं होती आणि ते सीडरचा पाला खात होतं.

"नक्की?" गॉर्डननं विचारलं.

"नक्की कसं सांगू? असेल माणूस."

गॉर्डननं बंदूक खाली ठेवली, आणि दोघं ते जाईपर्यंत न हलता बसून राहिले.