लिंबापेक्षा लहान गाडी

सलग पाच सोमवार मी इन्स्टिट्यूटमध्ये केक नेला, कारण त्याआधीचे पाच शुक्रवार मी हरले होते. माझ्या समोरच्या टेबलावरचा जर्मन सहकारी आणि मी, दोघांकडे रिमोटवर चालणाऱ्या बोटाएवढ्या गाड्या होत्या. शुक्रवारी जेवणानंतर कॉरिडॉरमध्ये शर्यत, प्रिंटरला वळसा घालून पाच फेऱ्या. हरेल त्याने सोमवारी कूखन, म्हणजे केक, आणायचा, आणि तो घरीच केलेला हवा. हे नियम त्याने टाइप करून प्रिंटरच्या वर चिकटवले होते. पाचव्या केकनंतर माझी पीएचडी बाजूला राहिली. त्याला एकदा तरी कणीक, म्हणजे मैदा, मळायला लावायचं, एवढंच डोक्यात उरलं.

गाडीची मूळ चार्जिंगची सोय म्हणजे निव्वळ थट्टा होती. रिमोटच्या पोटातून एक बारीक वायर निघायची, ती गाडीला लावायची, आणि रिमोटमधले सेल तिला जेमतेम अर्धपोटी ठेवायचे. तिसऱ्या फेरीत गाडी रांगायला लागे. मी ठरवलं, हिला स्वतःची पिन बसवायची. मागच्या बंपरखालचं प्लास्टिक नेलकटरने कुरतडलं, तिथे दोन पिनांचं सॉकेट बसवलं, लाल-काळी वायर आत बॅटरीला सोल्डर केली आणि वर ग्लू गनचा थेंब सोडला. दुसऱ्या टोकाला एक चिमुकला चार्जर. चार्ज होताना लाल दिवा, भरली की हिरवा. आमच्या या कार्ल्सरूहे शहरात माझ्याइतकं सुबक सोल्डरिंग कोणी करत नाही, असं माझं मत आहे.

तेव्हा सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. नवरा आठवडाभर दुसऱ्या गावी नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच.

"काय चाललंय गं?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"इन्स्टिट्यूटचं काम आहे, आई."

हे अगदीच खोटं नव्हतं. गाडी इन्स्टिट्यूटमध्येच पळणार होती. त्या "बरं" म्हणाल्या आणि भाजी निवडत बसल्या.

त्या आठवड्यात गुरुवारी सकाळी मी हिरवा दिवा बघून गाडी काढली, फळीवर ठेवली आणि शुक्रवारी ऐटीत घेऊन गेले. दुसऱ्या फेरीत ती प्रिंटरपाशी झोपली. सहकारी खाली वाकला, गाडीकडे सहानुभूतीने पाहिलं आणि म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. यावेळी सफरचंदाचा चालेल."

सहावा केक.

मग मी रोज तपासायला लागले. सकाळी गाडी भरलेली असायची आणि संध्याकाळी घरी येऊन बघावं तर ठार. नुसती फळीवर बसून बॅटरी उतरते म्हणजे आत कुठेतरी करंट झिरपतोय, म्हणजे माझाच जोड वाईट. मी सॉकेट उखडलं, पुन्हा सोल्डर केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा हाताला चटका बसला आणि मी सोल्डरिंग आयर्नला नाही नाही ते बोलले. सासूबाई शेजारी बसून शांतपणे वाटाणे सोलत होत्या.

"एवढं काय मनाला लावून घेतेस? जमेल," त्या म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी दसरा होता. जर्मनीत सुट्टी नाही, पण सासूबाईंनी पाट मांडला. मल्टिमीटर, माझा लॅपटॉप, सोल्डरिंग आयर्न सगळं ओळीने. मग म्हणाल्या, "वाहन?"

"आपल्याकडे कुठंय, आई? ट्रामने तर जातो."

त्यांनी फळीवरून गाडी काढून पाटावर ठेवली. बॉनेटवर हळदीकुंकू लावलं, चारही चाकांना ओल्या कुंकवाची बोटं लावली. चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं, तर लिंबू गाडीपेक्षा मोठं. शेवटी एक लवंग ठेवली. मी हसू दाबत नमस्कार केला आणि कामाला गेले.

संध्याकाळी घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

भाड्याच्या घराच्या पांढऱ्या फरशीवर लाल रेघा होत्या. दोन दोन, समांतर. टेबलाच्या चारही पायांना वळसे घालून, फ्रिजखालून, डस्टबिनच्या भोवती. एकही रेघ कुठे आपटलेली नव्हती.

"अहो आई," मी म्हटलं, "तुम्ही गाडी चालवता?"

त्या जराही ओशाळल्या नाहीत. "तूच म्हणालीस ना, इन्स्टिट्यूटचं काम आहे म्हणून. मी टेस्टिंग करत होते."

मला राग आला, हसूही आलं. तीनदा उखडलेलं सॉकेट आठवून राग जास्त. पण मी त्या रेघा पुन्हा नीट पाहिल्या. वळणं अशी होती की माझ्याच्याने सात जन्मांत जमली नसती. प्रिंटरपाशी मी दर वेळी भिंतीवर जायचे.

मी गाडी चार्जिंगला लावली. फरशी आम्ही दोघींनी मिळून पुसली.

सकाळी हिरवा दिवा दिसला. मी सासूबाईंनाही बरोबर नेलं. प्रिंटरवरचे नियम सहकाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. गाडी कोणी चालवायची, याबद्दल त्यांत चकार शब्द नव्हता. तो नियम पाळणारा माणूस. त्याने मुकाट आपली गाडी आमच्या गाडीशेजारी आणून लावली.

सासूबाईंनी पदर खोचला, रिमोट घेतला आणि पाच फेऱ्यांत त्याला पाऊण फेरी मागे टाकलं.

तो बराच वेळ आमची गाडी उलटी करून बघत होता. "आल्झो, तर मग, नक्की काय बदललंस?" मी संधी साधून सॉकेट, जोड, चार्जर सगळं रंगवून सांगायला लागले.

"काय विचारतोय?" सासूबाई म्हणाल्या.

"गाडी एवढी चांगली कशी पळाली म्हणून."

"पिनेचं काही नाही म्हणावं. दिवसभर घरात एकटीला दुसरं होतं काय करायला?"

पहिलं वाक्य मी त्याला जर्मनमध्ये सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. ते ऐकून मला माझीच लाज वाटली होती.

सोमवारी तो स्वतः केलेला, एका बाजूने करपलेला केक घेऊन आला, तेव्हा सासूबाई माझ्या खुर्चीत बसल्या होत्या.

"अंडं आहे का विचार त्याला," त्या म्हणाल्या, "आणि शुक्रवारी किती वाजता यायचं तेही."