विकतचा पंखा

कारभारींच्या घरात पाच पंखे होते आणि त्यातला एकही विकत आणलेला नव्हता. मुकुंदवाडीत घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी भरायची, हे काम ते लग्नाच्या आधीपासून करत आलेले. कोणी पंखा भरायला टाकून जायचा आणि मग त्याची बदली व्हायची, नाहीतर दर ऐकून तो परत फिरकायचाच नाही. वर्ष-दोन वर्षं वाट पाहून कारभारी तो पंखा भरायचे आणि घरात टांगायचे. स्वयंपाकघरातल्या पंख्याची दोन पाती पांढरी होती, तिसरी तपकिरी. तरी तो कधी डुलला नाही.

चतुराबाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कन्नडच्या एका दुकानात काम शिकून कारभारी शहरात आले, तेव्हा त्यांच्याकडे तार गुंडाळायचं हातमशीन होतं आणि नवी बायको होती. सुरुवातीची कित्येक वर्षं मोटारीच्या खाचांमध्ये घालायचा कागद कापून द्यायला चतुराबाईच बसायच्या. माहेरी गेल्या की आई म्हणायची, "तुझ्या लुगड्याला हा कसला गं वास?" भरलेल्या तारेवर ओतायच्या वार्निशचा वास होता तो. नंतर त्यांना स्वतःला तो येईनासा झाला.

मे महिन्याचं विजेचं बिल आलं आणि घरात पंख्यांचा विषय निघाला. सून अमृता शेंद्र्याच्या कंपनीत पॅकिंगला जायची. बिल सासऱ्यांपुढं धरून ती म्हणाली, "मामा, तीनशेच्या वर युनिट गेलं. तिथनं पुढं दरच वाढतो. ट्यूब आपण बदलल्या. आता राहिले पंखे."

"पंखा काय खातो? खातो तो तुमचा फ्रिज. दिवसभर उघड-झाक."

"तुमचा एक पंखा चालतो तेवढ्यात नवीन दोन चालतात, मामा. दोन चालून वर उरतं."

"पंखा एवढासा आन् वारा आभाळाएवढा, व्हय?"

शिवराज, त्यांचा मुलगा, ताटात मान घालून हसला. बापाशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. अमृताला होती. पुढच्या रविवारी तिनं आपल्या पगारातून एक नवा पंखा आणला, पांढराशुभ्र, सोबत रिमोट. मधल्या खोलीत लावायचा म्हणाली. "आवडला तर बाकीचे आणू. नाय आवडला तर हा मी माहेरी फर्दापूरला देऊन टाकीन. पुन्हा विषय काढणार नाय."

कारभारींनी खोकं उघडून पाहिलं, पंखा हातात तोलला. लावायला दुसरा माणूस बोलवणं तर शक्यच नव्हतं. सोमवारी अमृता कामावर गेल्यावर ते स्टुलावर चढले, जुना पंखा उतरवला, नवा चढवला, खालच्या बोर्डावरचं बटण दाबलं. पंखा फिरला. मग गुरगुरला, थांबला, धक्का खाऊन पुन्हा फिरला. संध्याकाळपर्यंत त्याचं तेच चाललं होतं.

"बघ," कारभारी अमृताला म्हणाले. आवाजात समाधान होतं आणि ते लपवायचा त्यांनी फारसा प्रयत्न केला नाही. "विकतचा पंखा."

 दुकानदार खराब माल देणारा नव्हता, एवढंच अमृता पुटपुटली. ती पंखा परत करायला खोकं शोधायला लागली तेव्हा चतुराबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली. मधल्या खोलीतल्या बोर्डावरचा काळा गोल रेग्युलेटर तिथंच होता, जुन्या पंख्याचा, तीनवर फिरवलेला.

गेल्या दिवाळीतली गोष्ट त्यांना आठवली. एसटीतून निवृत्त झालेले साहेबराव असाच रिमोटचा पंखा घेऊन दुकानात आले होते. चतुराबाई चहा घेऊन उभ्या होत्या. कारभारींनी पंखा खोलला, आतला हिरवा बोर्ड दाखवला आणि म्हणाले होते, "जुन्या रेग्युलेटरवर चालवला ना तुम्ही? याला तो चालत नाय. याचा वेग आतल्या आत बदलतो. रेग्युलेटर काढून टाकायचा आन् तार सरळ जोडायची. आता बोर्ड गेला तुमचा." साहेबराव हळहळत गेले होते. कारभारी त्यावर दोन दिवस खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पोरं दोघं कामावर. चतुराबाईंनी चहा आणून ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"बस की," कारभारी म्हणाले.

"साहेबरावांच्या पंख्याचं मी ऐकलं होतं. इथंच उभी होते."

कारभारींचा हात मशीनवर थांबला. मग पुन्हा फिरायला लागला. तार सरसर गुंडाळली जात होती.

"ध्यानात राहिलं नाय माझ्या," ते म्हणाले.

"तुमच्या ध्यानात? कोणच्या साली कोणाची मोटार भरली ते सांगता तुम्ही."

त्यांनी तारेचं टोक कापलं. मग म्हणाले, "शिवराजची आई, गल्लीतला एकेक पंखा माझ्या हातचा आहे. उद्या लोक म्हणतील, कारभारीच्याच घरी विकतचा पंखा. मग माझ्याकडं कोण टाकील?"

"तसंही कोण टाकतंय? महिन्यात किती आले सांगा. मोटारी येतात तुमच्याकडं, विहिरीच्या. त्या येतच राहणार." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "लोक काय म्हणायचं ते म्हणतील. पण सुनेनं कमाईचा आणलेला पंखा तुम्ही मुद्दाम जाळला, असं लोक नाय म्हणायचे. ते मी म्हणीन."

चहावर साय धरली होती. कारभारींनी ती बोटानं बाजूला केली, चहा एका दमात प्याले आणि पक्कड-टेस्टर घेऊन आत गेले. चतुराबाईंनी मेन स्विच पाडला. रेग्युलेटर काढून कारभारींनी तार सरळ जोडली, त्या भोकावर कोरी पट्टी बसवली. बटण दाबलं. पंखा आवाज न करता फिरायला लागला. ते खाली उभे राहून वर बघत राहिले, आणि मग बाहेर ओट्यावरच्या मीटरपाशी गेले. घरातलं सगळं बंद करून एकदा नवा पंखा चालू केला, एकदा शेजारच्या खोलीतला स्वतः भरलेला. मीटरवरचा लाल दिवा जुन्या पंख्यावर भराभर मिचकायचा, नव्यावर सावकाश. दोनदा करून पाहिलं. मग आत आले.

संध्याकाळी अमृता आली आणि दारातच थांबली.

"मामा, चालतोय की."

"रेग्युलेटरवर लावला होता मी. याला चालत नाय तो. चूक झाली."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या आत्यानं," कारभारी म्हणाले. सुना सासूला आत्याच म्हणतात इकडं. चतुराबाई कणीक मळत राहिल्या.

जूनअखेर घरात आणखी दोन नवे पंखे आले. पुढचं बिल तीनशेच्या बरंच आत आलं. कारभारींनी ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "पाऊस लागला ना. कूलर बंद होते." अमृतानं सासूकडे पाहिलं. चतुराबाईंनी नुसते डोळे मिटले, की राहू दे.

मागच्या गल्लीतल्या गीताबाईंनी हे सगळं ऐकलं. त्यांच्याही घरी तसलाच पंखा अडखळत होता. "भाऊ, येऊन बघता का?" त्या म्हणाल्या. कारभारी गेले, रेग्युलेटर काढून आले, चहा पिऊन आले. तेव्हापासून आठवड्यात एखादं तरी बोलावणं येतं. काढलेले काळे रेग्युलेटर ते फेकत नाहीत. खालच्या फळीवर ठेवतात.

दुकानातला पंखा मात्र त्यांनी बदललेला नाही. गिऱ्हाइकाला दिसतो तो तोच, असं त्यांचं म्हणणं. शिवाय दुकानाचं मीटर वेगळं आहे.