रिकामी घुमटी

इनासच्या मृत्यूची घंटा मला ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी तरीवाल्याने होडी लावता लावता सांगितलं, "बापू, तुमचो इनास गेलो. काल सांजेक माती दिली." त्याला महिना होत आला. ती घंटा माझ्यापर्यंत पोचली नाही याचं कारण मीच आहे, म्हणून हे लिहितो आहे...

गोव्यात अजून पोर्तुगीज होते, तेव्हाची गोष्ट. मुंबईत गवंडीकाम शिकून मी वेंगुर्ल्याजवळ आमच्या गावी परतलो होतो. खाडीपलीकडच्या लहानशा चर्चच्या दर्शनी भिंतीवर, कौलांच्याही वर, घंटेसाठी चिऱ्यांची घुमटी बांधायचं काम मला मिळालं. इनास तिथला सुतार, माझ्याच वयाचा. बापाच्या पश्चात घंटाही तोच वाजवी. घंटा टांगायला त्याने फणसाचा दांडा तासून आणला. "लोखंडाक खारो वारो खाता रे बापू. ह्यो घाल." मी शिडीवरूनच हसलो. "फणसाचे गरे खावचे, इनासा!" आणि लोखंडी कांब सिमेंटात घट्ट बसवली. इनास दांडा खांद्यावर टाकून घरी गेला.

सात-आठ पावसाळ्यांत कांब गंजून फुगली, चिरे तडकले. घंटा उतरवून अंगणातल्या आंब्याला टांगावी लागली. पाद्रीबाबांनी सगळ्यांदेखत मला कारण विचारलं. मी म्हणालो, "इनास दोरी हिसक्याने ओढतो." त्या दिवशी त्याच्या हातून दोरी गेली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, बस्स. पुढे बाजारात भेटला की विचारी, "बरो आसस मां?" मी घाईत असल्याचं दाखवी.

घुमटीतली घंटा आमच्या काठापर्यंत ऐकू यायची. आंब्यावरची येत नाही.

गेल्या रविवारी धीर करून त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला, मरियाबायला, सगळं सांगितलं. ती पडवीच्या वाशांकडे बोट दाखवून म्हणाली, "तो बघ. दरवर्सा पावसाआदी तेल लावी होतो. म्हणा होतो, बापू कदीतरी मागूक येतलो."

फणसाचा तोच दांडा. तेलाने काळा पडलेला, कुठे कीड नाही, दोन्ही टोकं अजून माझ्या घुमटीच्या मापाची...

मी तो मागितला.