वस्तरा भारी की सेफ्टी रेझर? मला विचारता?

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय. पुतण्यानं ऑनलाइन वस्तरा मागवला अन् मलाच शिकवायलाय, "काका, तुमचा तो जुना सेफ्टी रेझर फेका आता. खरी दाढी वस्तऱ्याचीच!"

अरे बाबा, सत्तरच्या दशकात आमच्या गावचा न्हावी माझ्या मास्तर वडलांकडून पत्रं लिहून घ्यायचा. काखेत पेटी घेऊन तासभर ओट्यावर बसायचा. पण आमी बौद्ध. पत्र बाटत नव्हतं, आमच्या दाढीनं वस्तरा मात्र बाटायचा!

शेवटी वडलांनी परभणीहून हा रेझर आणला. पहिल्या दिवशी कापलेल्या हनुवटीवर कागदाचे चार कपटे चिकटवून शाळेत शिकवायला गेले.

अन् हा म्हणतो, फेका!

तुमच्या घरी पहिला सेफ्टी रेझर हौसेनं आला होता, की आमच्यासारखा?