टेलिफोनच्या तारेतून आलेली खाडी

तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला आमच्या पनवेलच्या घरातला मोडेम आठवतो. आईचा पाय मोडला म्हणून मी संशोधन अर्धवट टाकून तिच्याजवळ आले होते. करंजाच्या खाडीतल्या भरती-ओहोटीचं माझं गणित दिल्लीतल्या संगणकावर चाललं होतं. ते बरोबर आलंय का, हे माझ्या मार्गदर्शक सरांना त्याच दुपारी कळवायचं होतं. नाहीतर तो संगणक दुसऱ्या कुणाला मिळणार होता. मी फोनची तार मोडेमला जोडली. किरकिर झाली, शिट्ट्या वाजल्या आणि तिकडच्या संगणकाची खिडकी माझ्या पडद्यावर उघडू लागली. आधी नुसती चौकट आली, मग बराच वेळ काहीच नाही, मग रेघेरेघेने किनारा उमटला. आईचं माहेर करंजाचं. पलंगावरूनच ती म्हणाली, "बाय, ही आपली खाडी हाय ना? दिल्लीला कशी गेली?" "खाडी इथेच आहे आई. तिथलं यंत्र तिचं चित्र काढून फोनवरून पाठवतंय." "आनि तू हितून सांगशील तसं ते करतंय?" मी माऊसचं बटण दाबलं. काहीच हललं नाही. लाइन तुटली असं वाटून मी फोनची तार चाचपली. तेवढ्यात खाडीच्या मुखातून निळा रंग हळूहळू आत सरकला, अगदी खऱ्या पाण्यासारखा. "भरती लागली गो!" आई पुटपुटली. सरांना मी 'बरोबर आलंय' एवढंच कळवलं. आज माझे विद्यार्थी अशी चित्रं क्षणात उघडतात आणि पुढे जातात. मी मात्र पाणी आत येईपर्यंत तिथेच थांबते.