वेल्सच्या डोंगरात हाकललेली मेंढरं

सन २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण शेतीतलं मला कुणी शिकवायचं नाय, ही माझी ऐट. इंग्लंडात नोकरी करणाऱ्या पोरानं आम्हा नवरा-बायकोला वेल्सला नेलं. म्हणाला, "अण्णा, डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान दाखवतो."

आमच्या संभाजीनगरात उद्यान म्हटलं की तिकीट, पिंजरे अन् भेळ. इथं यातलं काहीच नाय. नुसते डोंगर, अन् दोन-दोन काठ्या टेकत चाललेली धडधाकट माणसं. त्यांच्या गुडघ्यांना काय झालं होतं देव जाणे. अर्ध्या वाटेवर ढगात पुढचा माणूस दिसंना, तरी सगळे फोटो काढत होते. एवढा ढग बघायला पोरानं पाच तास गाडी हाणली. आमचा दौलताबादचा किल्ला निदान दिसतो तरी!

उतरताना मी पुढं होतो. दगडी कुंपणाआड पोटरीएवढं हिरवंगार गवत, अन् त्यात चाळीसेक मेंढरं. राखणीला माणूस नाय. देवगाव रंगारीला माझ्या रानात अशी शिरली असती तर? दुसऱ्याचं चरताना बघून गुमान पुढं जाणं आमच्यात बसत नाय. फाटक उघडलं, छत्री फिरवली, हुर्र केलं अन् सगळी डोंगरावर पिटाळली. छाती लई फुगली.

तेवढ्यात चार चाकांच्या फटफटीवर एक शेतकरी आला. माझ्याच वयाचा. त्याच्याच घरात आम्ही भाड्यानं उतरलो होतो. गवत त्याचं. मेंढरंबी त्याचीच. लोकर कातरायला दोन दिवस डोंगर पालथा घालून त्यानं ती खाली आणली होती. मागून आलेल्या पोरानं त्याचं बोलणं ऐकून हे मला सांगितलं, तेव्हा पोराचं तोंड उतरलं होतं.

"अण्णा, सॉरी म्हणा."

"मी? मी तहसीलदाराला कधी म्हटलं नाय."

"तहसीलदाराची मेंढरं हाकलली होती का?"

म्हाताऱ्यानं शिवी दिली नाय. माझ्या छत्रीकडं बघितलं, कुत्र्याला शीळ घातली अन् डोंगराकडं वळला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. परत देता आली असती.

घरी बायको म्हणाली, "गावाकडं कधी शेळी बांधली नाय, अन् इथं मेंढपाळ झालात! जावा, माफी मागा. उद्या निघायचंय. मी मान खाली घालून गाडीत बसणार नाय."

डोकं दुखतंय म्हणून मी आडवा झालो. दुखत काहीच नव्हतं. चूक माझी होती, हे कळत होतं. पण तो शब्द तोंडातून निघंना. एकाहत्तर वर्षं वापरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरगं उठायच्या आत, मी छत्री घेऊन त्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मेंढरं फार लांब गेली नव्हती, म्हाताऱ्यानं अन् कुत्र्यानं रातोरात परत आत आणली होती. डोंगराची वाट त्या फाटकातूनच होती. चढणारे येत गेले, अन् ज्यानं ज्यानं फाटक उघडं टाकलं, त्याला मी मराठीत असा झापला की तो माघारी येऊन कडी लावून गेला. म्हातारा फटफटी थांबवून बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाय. पुढच्याला झापला.